लांडगिणीचा वाटा

ही वही कुणाच्या हाती लागलीच तर आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट कळलं नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर हातात पेन आलं ते सही करण्यापुरतं. वाचताना त्रास झाला तर माफ करा. मी हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. एकदा तो निघायला हवा होता आणि निघाला नाही, म्हणून हे लिहून ठेवते.

आम्ही मेंढपाळ. घर सोलापूरच्या दक्षिणेला, गावापासून लांब, माळाच्या कडेला. दिवाळी झाली की माळावरचं गवत संपत येतं आणि आमचा वाडा निघतो. वाडा म्हणजे घर नाही. मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, बायकापोरं असं सगळं मिळून जे फिरतं त्याला आमच्यात वाडा म्हणतात. बागायती मुलखात जायचं, लोकांच्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांच्या खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि पाऊस जवळ आला की परतायचं. लग्नानंतर अकरा हिवाळे मी घोडीच्या मागं चालत काढले. बाराव्या वर्षी सासूबाईंचे पाय गेले. नवरा म्हणाला, "तू ऱ्हा हितंच आईपाशी. चार शेळ्या ठिवतो, दुधाचं भागंल."

वाडा गेला, पोरंही त्याच्याबरोबर गेली, आणि आमचा माळ हिवाळ्यात कसा असतो ते मी पहिल्यांदा पाहिलं.

पहिले आठ दिवस मला झोपच येईना. मेंढरांचा आवाज नाही, घंटा नाही, कुत्री नाहीत. सकाळी उठून बघावं तर गवत वाळून पांढरं पडलेलं आणि त्यावर दहिवर. सासूबाईंना मी घोंगडीत गुंडाळून उन्हाला बसवायची आणि शेळ्यांचं दूध काढायची. अशाच एका सकाळी ती दिसली. ओढ्याच्या पलीकडं एक लांडगीण उभी होती, आमच्या वाघरीच्या रिकाम्या जागेकडं बघत. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायला लावतात ती जाळी. जाळी वाड्याबरोबर गेली होती, मागं नुसत्या खुंट्यांची भोकं आणि लेंड्यांचा काळा गोल राहिला होता. ती त्या गोलात आली, हुंगत हुंगत फिरली आणि परत गेली.

लांडगा आम्हाला नवा नाही. पावसाळ्यात मेंढरं माळावर असतात तेव्हा तो मागं असतोच. वर्षाला दोन-चार कोकरं नेतो. सासरे होते तोवर कोकरू गेलं की ते कुणाला ओरडू द्यायचे नाहीत. जिथून कोकरू नेलं तिथं चिमूटभर भंडारा टाकायचे आणि म्हणायचे, "वाटा गेला त्याचा." लांडग्यानं मारून टाकलेलं अर्धवट जनावर आम्ही कधी घरी आणत नाही. ते तिथंच ठेवायचं. त्याचं त्याला. ही आमच्यातली रीत. पण आम्ही मेंढरं घेऊन निघून गेलो की मागं हा वाटा कोण देतो, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

सासूबाईंच्या मात्र आलं होतं. त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं, घरात कानडी बोलणारं. लांडग्याला त्या तोळ म्हणायच्या. ओढ्यापलीकडं बघत एक दिवस म्हणाल्या, "व्याली वाटतं."

मी म्हणाले, "तुमाला हितनं कसं दिसलं, आत्या?"

"दिसतंय कुटं? चालणं बघ की. व्यालेलं जनावर घराकडं बघत बघत चालतं." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "थंडीत व्यायची काय हौस म्हनावं हिला. आता खायाला कोण घालंल?"

"आदी कोण घालत हुतं?"

"आपुणच की. देत न्हवतो, पर जात हुतं."

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. करायला दुसरं काय होतं. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक घळ आहे, तिथं तिचं बीळ. नर दिवसाआड दिसायचा. दोघांची पोटं आत गेलेली. हरणं शाळवात, म्हणजे हिवाळी ज्वारीत, शिरली होती. आमच्याकडं हिवाळ्यात शाळू माणसाच्या डोक्याच्या वर जातो, त्यात हरीण शिरलं की लांडग्याला ते धावून पकडता येत नाही, आणि राखणीचे लोक फटाके वाजवतात ते वेगळं. उंदीर थंडीनं बिळाबाहेर निघत नव्हते. पूर्वी गावातला बैल, म्हैस मेली की माळावर ओढून टाकायचे, त्यावर लांडग्याचं, गिधाडाचं महिनाभर निघायचं. आता बैल राहिले नाहीत, ट्रॅक्टर आले. आणि जी म्हैस मरते ती जेसीबी बोलावून पुरतात. उरलं एक कोंबड्यांचं शेड. तिथं मेलेल्या कोंबड्या खड्ड्यात टाकतात. पण त्या खड्ड्यावर शेडची कुत्री बसलेली असायची, आठ-नऊ कुत्री, खाऊन खाऊन अंगावर चकाकी आलेली. एका सकाळी मी लांडगिणीला खड्ड्याकडं जाताना पाहिलं. कुत्री उठली. ती थांबली, मागं वळली आणि पळत नाही, चालतच निघून गेली. बाळंतीण बाई रेशनच्या रांगेतून रिकामी पिशवी घेऊन परत यावी तशी ती मला दिसली.

पौषात थंडी वाढली. त्या सकाळी मी बाभळीच्या शेंगा गोळा करायला गेले होते. अर्धा तास, जास्त नाही. परत येताना शेळ्यांचं ओरडणं ऐकू आलं. धावत आले तर घरामागं बांधलेल्या गाभण शेळीवर शेडची तीन कुत्री तुटून पडली होती. त्यातलं एक तांबडं, पुढचा पाय पांढरा. मी दगड मारले, ओरडले असेन, मला आठवत नाही. कुत्री गेली. शेळीचे कान फाडले होते, मागची मांडी आणि कास फाडली होती. माझ्या डोळ्यांदेखत तिचा जीव गेला. पोटात दोन करडं होती.

शेडवर माझे चुलत दीर कामाला होते. कुत्री त्यांनीच पाळलेली. ते आले, शेळीभोवती एक चक्कर मारली आणि तोंड धुतल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "वैनी, लांडगा दिसतोय ह्यो."

"कुत्री हुती, भावजी. म्या बगितली."

"बगितली असतील. पर कुत्र्याच्या शेळीला सरकार एक रुपाया देत न्हाय. लांडग्याच्या शेळीला देतंय." मग आवाज खाली आणला. "आन् मालकाला कळलं तर माज्या पगारातनं कापंल. तुमाला बी पैसं न्हाईत, मला बी न्हाईत. कुत्र्यांचं त्येवडं भलं. लांडगा काय अर्ज करायला येणार हाय व्हय, म्या न्हवतो म्हनून?"

स्वतःच्याच बोलण्यावर ते हसले. मी शेळीवर पोतं पांघरलं. त्यांनी फोन केला.

वनखात्याची एक तरुण बाई आली, खाकी कपड्यातली. सगळे तिला मॅडम म्हणत होते. पलीकडच्या वस्तीवरचे पाच-सहा पुरुष गोळा झाले. मॅडमनी शेळी उलटीपालटी करून बघितली, फोटो काढले, मानेवर हात फिरवून बघितला आणि जरा थांबल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ताई, तुम्ही स्वतः बघितलं का, काय होतं ते?"

माझ्याआधी दीर म्हणाले, "लांडगाच हुता की मॅडम. वैनींनी बगितलाय. इचारा की."

उन्हात बसलेल्या सासूबाई घोंगडीतून म्हणाल्या, "तोळ कान फाडत न्हाय. गळा धरतंय."

"म्हातारीला मोतीबिंदू हाय मॅडम," दीर म्हणाले. "ती मला बी कदी कदी शेळी म्हनती." माणसं हसली.

मॅडम हसल्या नाहीत. माझ्याकडंच बघत होत्या. "ताई?"

सगळे पुरुष माझ्याकडं बघत होते. माझे कान तापले. पदर तोंडाशी धरून मी मान हलवली. हो म्हणून. नुसती मान. त्यांनी पंचनामा लिहिला आणि मी खाली सही केली. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली.

पंचनामा झाल्यावर मॅडम म्हणाल्या, शेळी पुरून टाका. पण माझं मन मला खात होतं. नाव तिचं घेतलं होतं, निदान पोट तरी तिचं भरावं असं वाटलं. आमची रीत पण तीच की, लांडग्याचं म्हटलं ते लांडग्यालाच. ऊन उतरायच्या आत मी शेळीला पोत्यावर घातलं आणि ओढत ओढत ओढ्याच्या काठी नेऊन ठेवलं. तिथं चिमूटभर भंडाराही टाकला. परत आले तेव्हा हलकं वाटत होतं. चूक केली पण थोडी भरून काढली, असं मला वाटलं. तेवढा वेळ मला खरंच तसं वाटलं.

वस्तीवर एक म्हातारे आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. पंचनाम्याच्या वेळी ते होते. माझ्या माहेरच्या गावचे, म्हणून मला पोरी म्हणतात आणि अडीअडचणीला उभे राहतात. तिसऱ्या दिवशी सकाळी ते काठी टेकत आले. सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून मला बाजूला बोलावलं.

"पोरी, तुज्या शेळीचं उट्टं निगालं. आता निर्धास्त ऱ्हा."

"काय झालं तात्या?"

"काय न्हाय. तू एकटी बाई माणूस, म्हातारी हातरुणात. येकदा चटावलेलं जनावर परत येतंय. शेळी तितं पडलीच हुती, त्येच्यावर जरा उसावर मारायचं औशद टाकलं. कुनाला बोलू नगं." माझ्या डोक्यावर हात ठेवला त्यांनी. "नवरा मुलखात हाय म्हनून काय झालं, आमी हाय की हितं."

त्यांच्या हाताला तंबाखूचा वास होता. तात्या, ती कुत्री होती, एवढंच म्हणायचं होतं. आता म्हणून तरी काय उपयोग होता.

ते गेल्यावर मी ओढ्याकडं गेले. ती पाण्यापर्यंत पोचली नव्हती. चार हात अलीकडंच आडवी पडली होती, तोंड पाण्याच्या बाजूला. जवळून लांडगा मी पहिल्यांदाच बघत होते. केस राठ, रंग वाळलेल्या गवतासारखा. बरगड्या मोजता याव्यात. आणि सड दुधानं ताठलेले होते. मी तिथं खाली बसले. मला चार लेकरांचं माहीत आहे, दूध भरून आलं आणि पिणारं जवळ नसलं की कसं दुखतं. पहिला मुलगा आठ दिवसांचा होऊन गेला तेव्हा तीन दिवस मी पदर भिजवत हिंडत होते.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "मेली का?"

मी म्हणाले, "व्हय."

"पिल्लांचं काय?"

मी लोटा घेऊन शेळ्यांकडं गेले.

कुणीतरी कळवलं असेल, दुपारी मॅडम आल्या, मोठे साहेब आले. त्यांनी लांडगिणीला जाळलं. वस्तीवर सगळ्यांना विचारलं. कुणी काही बोललं नाही. मलाही विचारलं. मी मान हलवली, या वेळी नाही म्हणून. त्या मानेला आता सवय लागली होती.

पिल्लांचं बीळ कुठं आहे ते फक्त मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी लांबून बघितलं तर तीन पिल्लं बिळाच्या तोंडाशी उन्हाला आली होती, मुठीएवढी, काळपट. नर आला. त्यानं तोंडातून काहीतरी बाहेर टाकलं, पिल्लं त्यावर पडली. पण ती अजून दूध पिणारी होती. मी शेळीचं दूध लोट्यात घेऊन गेले, बिळापासून जरा लांब एका खोलगट दगडात ओतलं. नर जवळ आलाच नाही. दूध दगडावर वाळून गेलं. नर अख्खा दिवस माळावर फिरायचा आणि रिकामा यायचा. आमचा वाडा इथं असता तर एका कोकरात त्यांचं चार दिवस निघालं असतं, हे मी तिथं उभी राहून मोजत होते. मेंढपाळाच्या बायकोनं असं मोजू नये. पण मोजत होते.

चौथ्या दिवशी दोनच पिल्लं बाहेर आली. त्या दिवशी मी मॅडमना फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः कुणा परक्या माणसाला फोन केला. एवढंच म्हणाले, "पिल्लं हायत. घळीत." आणि बंद केला. त्या दुसऱ्या दिवशी उजाडताच आल्या, पण पहाटेच्या गारठ्यानं दोन्ही गेली होती. बिळात हात घालून त्यांनी दोन बाहेर काढली. तिसरं सापडलं नाही. मॅडम म्हणाल्या, "बापानं दुसरीकडं नेलं असेल, ताई." माझ्याकडं बघून म्हणाल्या, म्हणून मला कळलं की मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या. नर त्यानंतर दोन सकाळी दिसला, मग नाही.

चार दिवस आधी फोन केला असता तर, हे मी अजून स्वतःला विचारते. चार दिवस मी घाबरत होते ते एवढ्यालाच, की त्या मला परत विचारतील, ताई, तुम्ही स्वतः बघितलं का?

होळीच्या सुमारास नऊ हजार रुपये माझ्या खात्यावर आले. फोनवर नवरा खूश झाला. वाड्यातली जुनी घोडी लंगडत होती, त्यानं भर घालून नवी घेतली. पावसाआधी वाडा परत आला तेव्हा ती घोडी दारात येऊन उभी राहिली, चांगली, गरीब, कपाळावर पांढरा ठिपका. मुलांनी तिला गुळाचा खडा दिला. मी तिला पाणी पाजायची तेव्हा तिच्या डोळ्यांकडं बघत नव्हते.

त्या पावसाळ्यात मेंढरं माळावर होती, पण एकही कोकरू गेलं नाही. सगळे म्हणाले, बरं झालं. नवऱ्यालाच ते चुकल्यासारखं वाटलं असावं. एक दिवस म्हणाला, "औंदा वाटा न्यायला कोनच आलं न्हाय."

तेव्हा मी त्याला सांगितलं. सगळं. तो चिलीम भरत होता, ती तशीच हातात राहिली.

"येडी का काय तू? मान कशापायी हलवलीस?"

"सगळी बगत हुती."

"बगू द्यायचं हुतं की!" मग चिलीम न पेटवताच खाली ठेवली. शेवटी म्हणाला, "पैसं तर घोडीत गेलं. आता काय करनार हाईस?"

"परत देनार."

"सरकारला? सरकारनं मागितलं तरी लोक देत न्हाईत."

"मागितलं न्हाय म्हनूनच."

तो हसला नाही. त्यानं मला पैसे दिले नाहीत, आणि मीही मागितले नाहीत. पण त्यानंतर त्यानं कधी विचारलं नाही की मजुरीचं काय करतेस. पुढचे तीन हिवाळे मी सासूबाईंचं सकाळचं आवरून लोकांच्या रानात गेले. आधी खुरपणी, मग शाळू उपटायला. थंडीत शाळू उपटला की तळहात फाटतात. फाटू देत, असं मला वाटायचं. दुसऱ्या वर्षी दोन बोकड विकले. तिसऱ्या वर्षी सासूबाई गेल्या. जायच्या आधी त्यांनी उशाखालून एक पुरचुंडी काढून दिली, त्यात पाचशेची एक नोट होती. "तोळाचं हाय," एवढंच म्हणाल्या. पंचनाम्याच्या दिवशी मी बोलले नव्हते, तर त्या बोलल्या होत्या. त्यांचं काहीच देणं नव्हतं.

तात्यांना मी सांगितलं नाही. ते अजून मला भेटले की विचारतात, "पोरी, आता काय तरास न्हाय न्हवं?" मी मान हलवते.

नऊ हजार पुरे झाल्यावर मी मॅडमना फोन केला. त्यांची बदली झाली होती, तरी ओळखलं. मी म्हणाले, "मॅडम, ती कुत्री हुती." त्या म्हणाल्या, "मानेवर दातांच्या खुणा नव्हत्या, ताई. मला तेव्हाच शंका आली होती. मीही लिहिलं नाही." पैसे परत करायचेत म्हटल्यावर त्यांनी सोलापुरातलं ऑफिस समजावून सांगितलं आणि मी येते म्हणाल्या, आणि आल्या.

ऑफिसातल्या कारकुनाला आधी समजेचना. "पैसे अजून मिळाले नाहीत का?" तो विचारत होता.

"मिळाले. परत द्यायचेत."

"बाई, आमच्याकडं माणसं मागायला येतात. द्यायला आलेलं माणूस कुठल्या टेबलावर पाठवायचं हे मलाच विचारावं लागंल." तो आत जाऊन आला. एक चलन भरायचं होतं आणि सोबत कारणाचा अर्ज. त्यानं कागद पुढं केला. "मॅडम लिहून देतील, तुम्ही सही करा."

मॅडमनी पेन घेतलं. मी त्यांच्या हातातून ते काढून घेतलं. मागच्या वेळी दुसऱ्यानं लिहिलं होतं आणि मी सही केली होती. मागं रांगेत पाच-सहा पुरुष उभे होते, माझे कान तापले. अक्षर वेडंवाकडं आलं. मी लिहिलं, "माझी शेळी कुत्र्यांनी मारली होती. मी बघितलं होतं. लांडगिणीनं मारली नव्हती." कारकुनानं वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि शिक्का मारला.

बँकेत खिडकीपाशी मी पदराची गाठ सोडली. सासूबाईंची नोट सगळ्यात वर ठेवली. आतल्या बाईनं नोटा मोजल्या, चलनाचा एक तुकडा फाडून मला दिला आणि म्हणाली, "पूर्ण भरले."